ओळीतली भगदाडं

बारावीनंतर म्हापशात एका डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावून देणाऱ्या दुकानात बसायला लागले तेव्हा वाटायचं, टायपिंग येतं म्हणजे काम येतं. इनस्क्रिप्ट ह्या मराठी कीबोर्डवर हात बरा बसला होता. पहिल्याच मोठ्या कामाने हा समज उतरवला. डिचोलीकडच्या एका देवस्थानची स्मरणिका होती. ए५ आकार, दोन कॉलम, चौदा पॉइंट अक्षर, आणि महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या कारभाऱ्यांची एकच अट: "दोनूय बाजू सरळ जाय."

मी सगळं सिलेक्ट केलं, वर्डमध्ये कंट्रोल-जे दाबून जस्टिफाय केलं, म्हणजे दोन्ही कडा सरळ केल्या, आणि बस पकडून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या पात्रांवाने, म्हणजे मालकाने, प्रिंट उलटी करून माझ्यासमोर धरली. म्हणाला, डोळे बारीक कर आणि बघ. अक्षरं वाचता येत नव्हती, त्यामुळे पांढरंच तेवढं दिसलं. वरून खाली वाकडेतिकडे गेलेले पांढरे ओघळ. "ही मांडवी नदी कुठून आणलीस?"

मग त्याने पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला, तो आजही मला तोंडपाठ आहे. समास आणि मधली जागा सोडून एका कॉलमला उरतात ५६ मिलिमीटर, म्हणजे साधारण १५९ पॉइंट. चौदा पॉइंटात त्यात चार शब्द बसतात. चार शब्द म्हणजे तीन फटी. पाचवा शब्द आला 'जीर्णोद्धारासाठी', तो मावला नाही, खाली गेला आणि मागे ३० पॉइंट रिकामे सोडून गेला. आता दोन्ही कडा सरळ हव्यात तर हे ३० पॉइंट तीन फटींतच वाटायचे. प्रत्येकीला दहा. मुळात साडेतीन-चार पॉइंटांची फट, ती जवळजवळ चौपट झाली. तेच पान एका कॉलमचं केलं तर ओळीत नऊ शब्द, आठ फटी, आणि वाट्याला चारसुद्धा येत नाहीत. फट दुप्पट होते, डोळ्याला खपते.

म्हणजे जस्टिफाय हे काही शेवटी फिरवायचं पॉलिश नाही. ओळीत ताणण्याजोगी गोष्ट एकच, दोन शब्दांमधली जागा, आणि ती किती ठिकाणी आहे हे कॉलमची रुंदी ठरवते. मराठीत हे जास्तच जाचतं. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामालाच चिकटतात. 'देवस्थानासमोरच्या' हा एकच शब्द, इंग्रजीत त्याचे चार-पाच तुकडे झाले असते आणि निम्मे वरच्या ओळीत मावले असते. म्हणून इंग्रजी मासिकाचा लेआउट डोळे झाकून मराठीला लावू नका. आधी कॉलम रुंद करा, नाहीतर अक्षर एखाद-दोन पॉइंटांनी लहान करा. निम्मी भगदाडं तिथेच बुजतात.

उरलेल्यांत बराचसा कचरा असतो. मजकूर हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरून येतो, कुणी वेबसाइटवरून उचललेला असतो, कुणी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला. वर्डमध्ये परिच्छेदाच्या खुणेचं बटण दाबा. साध्या स्पेसच्या जागी बारीक ठिपका दिसतो, न तुटणाऱ्या स्पेसच्या जागी छोटं वर्तुळ. दोन ठिपके शेजारीशेजारी दिसले की फाइंड-रिप्लेसमध्ये दोन स्पेसच्या जागी एक टाका, आणि बदलांचा आकडा शून्य येईपर्यंत टाकत राहा. वर्तुळं मात्र सरसकट उडवू नका. 'रु.' आणि '५००' एका ओळीत राहावेत म्हणून ती मुद्दाम घातलेली असू शकतात. मी एकदा उडवली आणि सगळी प्रुफं पुन्हा वाचावी लागली.

वाकडा बाण दिसला तर तो शिफ्ट-एंटर. ह्याची गंमत मला गणेशचवथीच्या आधी कळली. आरत्यांची पुस्तिका होती, प्रत्येक चरण शिफ्ट-एंटरने तोडलेला, आणि मी पान जस्टिफाय केलेलं. परिच्छेदाची शेवटची ओळ वर्ड ताणत नाही, पण शिफ्ट-एंटरने तुटलेली ओळ त्याच्या लेखी शेवटची नसतेच. तीन शब्दांचा चरण ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत! ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्डच्या तळाशी, लेआउट ऑप्शन्समध्ये अशा ओळी न ताणण्याची खूण करता येते. पण खरं सांगायचं तर आरती जस्टिफाय करायचीच कशाला? डावीकडे लावा आणि सोडा.

एवढं करूनही एखादा परिच्छेद छळतोच. तेव्हा तेवढाच परिच्छेद निवडून फाइंडमध्ये एक स्पेस टाका आणि शोध निवडलेल्या मजकुरापुरता ठेवा. सगळ्या स्पेस एकदम सिलेक्ट होतात. मग फॉन्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर स्पेसिंग कंडेन्स्ड, ०.३ पॉइंट. फटी आवळल्या की कधीकधी खालचा शब्द वर चढतो आणि सगळा परिच्छेद सुटतो. ०.५ च्या पुढे मी जात नाही, शब्द एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. फार लांब शब्द असेल तर त्यात कंट्रोल-हायफनने ऐच्छिक तोड घाला, पण जोडशब्दाच्या सांध्यावर: 'कार्य' आणि 'कारिणी' यांच्यामध्ये, 'का' आणि 'रिणी' यांच्यामध्ये नव्हे.

अक्षरांमधलं अंतर मात्र देवनागरीत वाढवू नका. शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. कंट्रोल-जे दाबताना चुकून शिफ्टही दाबलं गेलं तर वर्ड नेमकं हेच करतो. घाबरू नका, अनडू करा.

पुढे इनडिझाइन ह्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर गेलात तर तिथे जस्टिफिकेशनची चौकटच मिळते. शब्दांमधली जागा कमीत कमी ८०, हवी तेवढी १००, जास्तीत जास्त १३३ टक्के, हे तिचे मूळचे आकडे. वर्डमध्ये अशी चौकट नाही. जुना वर्ड फटी फक्त ताणायचा. आवळायला लावायचं तर वर्डपरफेक्ट ह्या दुसऱ्या प्रोग्रामसारखं जस्टिफिकेशन करण्याचा एक पर्याय चालू करावा लागे. २०१३ पासूनचा वर्ड स्वतःहून थोडं आवळतो, आणि तो पर्याय नव्या फाइलींत दिसत नाही. इनडिझाइनमध्ये मराठीसाठी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर निवडा, तो ओळीपुरतं न बघता अख्खा परिच्छेद जुळवतो. त्याच चौकटीत अक्षरांच्या अंतराचे तिन्ही रकाने शून्यावर ठेवा.

अरुंद कॉलम शिकायचा तर वर्तमानपत्रासारखा गुरू नाही. १९६२ पासूनचा 'गोमन्तक' किंवा १९७० पासूनचा 'नवप्रभा' हातात घ्या आणि उलटा धरून बघा. पणजीत पाटो भागात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहेच. मी तिथे पट्टी घेऊन फटी मोजत बसले होते, तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, शब्दकोडं सुटत नाही काय?

ती स्मरणिका शेवटी एका कॉलमची झाली, बारा पॉइंटात. पावणीची, म्हणजे देवळातल्या लिलावाची यादी आम्ही जस्टिफाय केलीच नाही, नावं डावीकडे आणि रकमा टॅबने उजवीकडे. मला धाकधूक होती, अट मोडली म्हणून महाजन ओरडतील. ते आले, यादीवरून बोट फिरवत गेले आणि एका नावापाशी थांबले. बापाच्या नावाचं आद्याक्षर चुकलं होतं.