श्रावण ते दिवाळी : घरगुती पाककृतींच्या चॅनेलचा प्रेक्षक वाढवण्याची पूर्वतयारी

मराठी पाककृतींच्या लहान चॅनेलसाठी वर्षातला सर्वांत मोठा हंगाम श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा असतो. ज्या घरांत एरवी स्वयंपाकासाठी यूट्यूब उघडावे लागत नाही, त्या घरांतही या काळात कोणीतरी पुरणाचे प्रमाण, मोदकाची उकड किंवा चकलीची भाजणी शोधत असते, आणि शोधणारी व्यक्ती बहुतेक वेळा घाईत, पिठाच्या हातांनी, ओट्यावर टेकवून ठेवलेल्या फोनकडे पाहत असते. ज्या चॅनेलकडे चाळीस-पन्नास व्हिडिओ आणि काही शे सबस्क्राइबर आहेत, आणि जे एका फोनवर व एका स्वयंपाकघरात चालते, अशा चॅनेलसाठी ही तयारी लिहिली आहे. ती आषाढातच सुरू करावी, कारण गणपती आठ दिवसांवर आल्यावर चित्रीकरणाला बसणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

सर्वप्रथम पंचांग समोर ठेवून प्रकाशनाचे वेळापत्रक आखावे, आणि ते सणाच्या तारखेवरून नव्हे, तर पदार्थाला लागणाऱ्या वेळावरून मागे मोजत आखावे. अनारशांचे उदाहरण घेऊ. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी निथळून सावलीत फडक्यावर कोरडे करायचे, दळून चाळायचे, गूळ मिसळून गोळे डब्यात मुरत ठेवायचे, आणि मग चार-पाच दिवसांनी तळायला घ्यायचे, एवढी ही प्रक्रिया आहे. म्हणजे फराळाची कढई चढण्याच्या किमान दहा-बारा दिवस आधी प्रेक्षकाने हा व्हिडिओ पाहिलेला असला पाहिजे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी टाकलेला अनारशांचा व्हिडिओ कितीही देखणा असला, तरी पाहणाऱ्याच्या त्या वर्षी उपयोगाचा नसतो. चकलीच्या भाजणीचेही तसेच आहे, कारण धान्ये भाजून, थंड करून गिरणीत नेण्याचा आणि दिवाळीच्या तोंडावर तिथल्या रांगेचा वेळ धरावा लागतो. म्हणून भाजणी आणि चकली हे दोन स्वतंत्र व्हिडिओ करावेत, भाजणीचा दसऱ्याच्या सुमारास आणि चकलीचा फराळाच्या आठवड्यात. शंकरपाळे किंवा चिवडा यांना एवढी आगाऊ मुदत लागत नाही.

वेळापत्रक आखताना मागील वर्षाच्या तारखा तशाच उचलू नयेत. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. लक्ष्मीपूजनही २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर जाते. त्यामुळे यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्याला आपल्या व्हिडिओंचे आकडे दाखवणाऱ्या साधनात, मागील वर्षाचा आलेख पाहून ‘ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मोदकांची मागणी वाढते’ असा निष्कर्ष काढणारा माणूस जवळजवळ तीन आठवड्यांनी चुकतो. आलेखावर इंग्रजी तारखांच्या शेजारी तिथी लिहून ठेवण्याची सवय लावावी. अधिक महिन्याचा आणखी एक पैलू असा, की त्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण देण्याची प्रथा असल्याने अनारशांचा शोध त्या वर्षी दोनदा घेतला जातो. १७ मे ते १५ जून २०२६ या काळात एकदा आणि दिवाळीपूर्वी पुन्हा. जुना, चांगला व्हिडिओ हाताशी असेल, तर अशा वेळी नवा करण्याऐवजी त्याचेच शीर्षक, वर्णन आणि थंबनेल (व्हिडिओ उघडण्यापूर्वी दिसणारे चित्र) सुधारणे पुरेसे ठरते.

यानंतरची तयारी शब्दांची आहे, आणि माझ्या मते हीच बहुतेकांकडून राहून जाते. पदार्थाला आपल्या घरी जे नाव आहे, त्याच नावाने प्रेक्षक तो शोधेल असे गृहीत धरू नये. करंजीला कुठे कानवला म्हणतात, तर गोव्यात नेवरी. नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे ठाऊक नसलेल्या पुणेकराने ‘सांबारवडी’ ऐकली तर त्याला इडलीसोबतचे सांबार आठवेल. एक वही करून प्रत्येक नियोजित पदार्थापुढे त्याची प्रादेशिक नावे, देवनागरीतील शुद्ध व प्रचलित अशुद्ध लेखन आणि रोमन लिपीत लोक ते कसे टंकित करतात याची रूपे लिहावीत, आणि यूट्यूबच्या शोधपट्टीत ती एकेक टाकून खाली कोणत्या सूचना उमटतात ते पाहावे. शीर्षकासाठी १०० अक्षरांची मर्यादा असली, तरी फोनवर सुरुवातीचाच भाग दिसतो. म्हणून पदार्थाचे सर्वाधिक शोधले जाणारे नाव आरंभी आणि आपले वैशिष्ट्य त्यालगत यावे. उरलेली नावे वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत, वाक्यांत गुंफून द्यावीत; नुसत्या शब्दांचा ढीग रचू नये.

हीच वही विषय निवडायलाही उपयोगी पडते. ‘उकडीचे मोदक’ एवढ्या दोन शब्दांवर लहान चॅनेलने मोठ्या चॅनेलांशी स्पर्धा करू नये, कारण तिथे वर्षानुवर्षे जमलेल्या व्हिडिओंची रांग आहे. त्याऐवजी ‘मोदकाची पारी का फुटते’, ‘बाजारच्या तांदूळपिठीची उकड’, ‘सकाळच्या नैवेद्यासाठी रात्रीच करून ठेवायचे सारण’ असे अडचणीवर बोट ठेवणारे विषय घ्यावेत. असे शोध घेणाऱ्यांची संख्या कमी असते, पण आलेला प्रेक्षक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतो, आणि २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी केवळ व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळाला महत्त्व द्यायला सुरुवात केल्यापासून शेवटपर्यंत पाहिले जाणे लहान चॅनेलसाठी मोलाचे झाले आहे.

चित्रीकरणापूर्वी स्वयंपाकघर पाहावे. एक्झॉस्ट पंखा, फ्रिजची घरघर आणि शेजारच्या कुकरची शिट्टी या तीन गोष्टी प्रतिमेपेक्षा अधिक प्रेक्षक घालवतात; मी स्वतः सुरुवातीचे अनेक व्हिडिओ पंखा चालू ठेवून केले आणि ते सगळे आज ऐकवत नाहीत. कॉलरला लावायचा साधा माइक घ्यावा, किंवा निवेदन नंतर शांत खोलीत ध्वनिमुद्रित करावे, मात्र फोडणीचा आवाज मूळचाच ठेवावा. उकड काढताना वाफेने लेन्स धुरकट होते, म्हणून फोन भांड्याच्या थेट वर न धरता तिरका लावावा आणि मऊ फडके हाताशी असावे. प्रमाण सांगताना ‘एक वाटी’ म्हणून थांबू नये. ती वाटी दाखवावी आणि त्यात किती ग्रॅम पीठ मावते ते वजनकाट्यावर तोलून पडद्यावर लिहावे. वाटीचा आकार घरोघरी वेगळा असतो, आणि अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या मराठी प्रेक्षकाकडे तर आपली वाटी असतेच असे नाही. त्याच प्रेक्षकासाठी चिकीच्या गुळाऐवजी तिथे काय चालेल, ताजा नारळ नसल्यास गोठवलेल्या खोबऱ्यातील पाणी कसे आटवावे, अशी एखाद-दोन वाक्ये संहितेत आधीच लिहून ठेवावीत. ज्या मुलांना मराठी समजते पण देवनागरी वाचता येत नाही, त्यांना इंग्रजी उपशीर्षकांचा मोठा आधार होतो.

पहिली तीस सेकंदे स्वतंत्रपणे लिहून काढावीत. ‘नमस्कार मंडळी, आपल्या चॅनेलवर आपले स्वागत, सबस्क्राइब करा, घंटा दाबा’ ही लांबलचक प्रस्तावना ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाचा वेळ खाते, आणि स्टुडिओतील प्रेक्षक टिकून राहण्याच्या आलेखात ती उताराच्या रूपाने दिसते. त्याऐवजी तयार पदार्थ मोडून, त्याचा आतला पोत दाखवून, या पद्धतीत कोणती अडचण सुटते ते दोन वाक्यांत सांगावे आणि कामाला लागावे.

थंबनेल चित्रीकरणाच्या दिवशीच, पदार्थ ताजा असताना काढावे. नंतर व्हिडिओतून उचललेली चौकट बहुधा हललेली निघते. स्वतःचे थंबनेल लावण्यासाठी आणि १५ मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढवण्यासाठी फोन क्रमांकाची पडताळणी लागते, तेवढी आधी उरकून घ्यावी. चित्रावर तीन-चारच मोठे शब्द असावेत आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नये, कारण तिथे व्हिडिओची लांबी छापली जाते. थंबनेल दिसल्यावर किती टक्के लोकांनी ते दाबले, हा आकडा स्टुडिओत मिळतो; यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंसाठी तो २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो, त्यामुळे ४ टक्के पाहून हताश होण्याचे कारण नाही.

प्रेक्षक वाढण्यासाठी पहिल्या व्हिडिओइतकाच दुसरा व्हिडिओ महत्त्वाचा असतो. मोदकासाठी आलेली व्यक्ती चॅनेलवर थांबायची असेल, तर तिला त्याच दिवशी लागणारी पंचखाद्याची खिरापत, गौरीच्या नैवेद्याची घावन-घाटले, आणि उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या हे व्हिडिओ तयार आणि जोडलेले असले पाहिजेत. म्हणून हंगामापूर्वी ‘गणपती-गौरीचा स्वयंपाक’, ‘दिवाळीचा फराळ’, ‘श्रावणातले उपवास’ अशा प्लेलिस्ट कराव्यात आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटच्या २० सेकंदांत एंड स्क्रीनवर (शेवटी पुढच्या व्हिडिओचा दुवा दाखवणाऱ्या चौकटीत) एकच ठरावीक पुढचा व्हिडिओ ठेवून तोंडानेही त्याचा उल्लेख करावा. वर्णनात प्रकरणांच्या, म्हणजे व्हिडिओच्या एकेका भागाच्या, सुरुवातीच्या वेळा लिहाव्यात. पहिली वेळ ०:०० असावी, किमान तीन प्रकरणे असावीत आणि प्रत्येक किमान १० सेकंदांचे असावे, तरच यूट्यूब ती प्रकरणे म्हणून दाखवते. प्रेक्षक मधले भाग ओलांडून जाईल ही भीती मला अनाठायी वाटते, कारण पीठ मळताना पुन्हा त्याच जागी येणारा प्रेक्षकही प्रकरणांमुळेच परत येतो.

शॉर्ट्सचा, म्हणजे यूट्यूबवरील छोट्या उभ्या व्हिडिओंचा, उपयोग मर्यादित ठेवावा. १५ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांची कमाल लांबी तीन मिनिटे झाली असली, तरी एक युक्ती, एक कृती, एवढाच मजकूर त्यात घ्यावा. त्यांच्या वर्णनातील दुवे २०२३ पासून दाबता येत नाहीत, म्हणून स्टुडिओतून संबंधित मोठा व्हिडिओ जोडण्यास विसरू नये.

सबस्क्राइबर विकत घेणे, किंवा ‘तुम्ही मला करा, मी तुम्हाला करते’ असा व्यवहार करणे टाळावे. ते यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आग्रह करून मिळवलेले सबस्क्राइबरही फारसे कामाचे नसतात. मामेसासऱ्यांनी प्रेमाने सबस्क्राइब केले, तरी ते पुरणपोळीचा व्हिडिओ पाहणार नाहीत. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्राइबर आणि मागील १२ महिन्यांत सार्वजनिक व्हिडिओ एकूण ४,००० तास पाहिले जाणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, अशी अट आहे, आणि सबस्क्राइबरांचा आकडा कसाही गाठला तरी ते तास उसने आणता येत नाहीत.

पार्श्वसंगीत यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्यावे. गणपतीच्या व्हिडिओमागे आरती लावण्याचा मोह होतो, पण आरतीची रचना शतकांपूर्वीची असली तरी तिच्या ध्वनिमुद्रणावर कोणाचा तरी हक्क असतो. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (हक्कभंगाबद्दल यूट्यूबकडून मिळणारी ताकीद) मिळाल्यास चॅनेल बंद होऊ शकते. मसाल्याच्या किंवा भांड्याच्या कंपनीकडून पैसे अथवा वस्तू घेतल्या असतील, तर यूट्यूबवर सशुल्क प्रसिद्धीची खूण करावी आणि व्हिडिओतही ते स्पष्ट मराठीत सांगावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनानुसार अशी माहिती प्रसिद्धीच्याच भाषेत देणे अपेक्षित आहे.

गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी आजच लावावी आणि फोन हाताशी नसताना लागणारे पर्यायी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे लोकप्रिय चॅनेल २०२० मध्ये हॅक झाले होते. ते पुढे परत मिळाले. सहकार्याचा प्रस्ताव म्हणून आलेली फाइल उघडून पाहण्याआधी पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा.

व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवावेत. त्या वेळात आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावे, वारंवार येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर टिप्पण्यांत सर्वांत वर पिन करावे, आणि प्रेक्षकांनी वापरलेले शब्द मघाच्या वहीत उतरवून घ्यावेत. अनारसा तुपात सोडताच विरघळून पसरला, तर आपण शीर्षकात ‘अनारसे बिघडण्याची कारणे’ असे लिहितो. टिप्पणीत मात्र कोणी लिहिते, ‘ताई, माझे अनारसे हसले, आता पिठाचे काय करू?’ पुढच्या व्हिडिओचे शीर्षक त्याच वाक्यावरून करावे, आणि तो दोन दिवसांत टाकावा, कारण विचारणारीचे पीठ अजून डब्यात आहे.