सागरी मासेमारीच्या नव्या नियमांवर हरकती-सूचना कशा द्याव्यात : कोल्हापूरच्या हौशी गळवाल्यांसाठी

शनिवारी रात्री आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठायची, नाहीतर गगनबावड्यावरून विजयदुर्गकडे जायचं, रविवारी भरती-ओहोटी बघून खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर, उभं राहायचं आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर. कोल्हापुरात असे गळवाले गल्लोगल्ली सापडतील. पंचगंगेच्या घाटावर गांडूळ लावून सुरुवात झाली, मग रॉड-रील आलं आणि समुद्राची ओढ लागली, ही बहुतेकांची गोष्ट.

समुद्रातला हंगाम किंवा माशांचा किमान आकार यांच्या नव्या नियमांचा मसुदा आला की आपल्यात दोन दिवस गरमागरम चर्चा होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "आपलं कोण ऐकतंय?" आणि विषय तिथेच संपतो. माझं म्हणणं असं की ऐकतात, पण मोजून-मापून, वेळेत आणि योग्य कागदावर सांगितलं तर. पहिल्या वेळी मी दोन पानं रागाने लिहिली होती. कलम क्रमांक नाही, माशांची नावं बाजारातली, कार्यालय चुकीचं, पोचही घेतलेली नाही. मुदत संपल्यावर चौकशीला गेलो तर त्या कागदाचा पत्ता लागेना. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी मूळ मसुदा हातात घ्या

बातमी किंवा फॉरवर्ड झालेला मेसेज वाचून हरकत लिहू नका. महाराष्ट्र शासन राजपत्रातला मसुदा किंवा विभागाची जाहीर सूचना मिळवा, प्रिंट काढा आणि पेन घेऊन बसा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची, म्हणजे साधारण २२ किलोमीटरची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते आणि तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ चालतो. त्यापुढे केंद्राचा अधिकार. खडप, जेटी आणि खाडीचं मुख ही आपली ठिकाणं, म्हणजे आपला मसुदा बहुतेक वेळा राज्याचाच असणार.

सगळ्यात आधी शोधायची ती तारीख. 'प्रसिद्धीच्या दिनांकापासून अमुक दिवसांच्या आत हरकती व सूचना' असं वाक्य मसुद्यात असतं, त्याखाली लाल रेघ मारा. मग नियम कुणाला लागू आहे ते पहा : यांत्रिक नौकांना, सगळ्या नौकांना, की किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यालाही? आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, आणि बिगरयांत्रिक पारंपरिक नौकांना ती लागू होत नाही. नव्या मसुद्यात 'कोणतीही व्यक्ती' असा शब्द असेल तर आपणही त्यात आलो. नियम पकडण्यावर आहे, जवळ बाळगण्यावर की विकण्यावर, तेही बघा. या तिन्हींचा अर्थ वेगळा आणि आपली हरकतही त्यानुसार वेगळी.

मोजायला शिका, नाहीतर बोलू नका

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण हौशी माणसाचं सगळं वजन इथेच आहे. नौकावाल्याकडे टनांचा हिशेब असतो. आपल्याकडे असते ती एकेका माशाची नोंद : कुठे, कधी, किती लांब. ती नीट असेल तर अधिकारी आणि शास्त्रज्ञ दोघंही ती वाचतात.

कापडी टेप माशाच्या पोटावरून फिरवू नका, फुगीर अंगामुळे लांबी जास्त येते. दोन-अडीच फुटांची सपाट फळी घ्या, तिच्या एका टोकाला उभी पट्टी ठोका आणि फळीवर स्टीलची पट्टी चिकटवा. फळी समुद्राच्या पाण्याने ओली करा. मासा आडवा ठेवून त्याचं बंद तोंड उभ्या पट्टीला टेकवा. शेपटीची दोन्ही पाती हलकेच जवळ आणली की सर्वांत लांबचं टोक जिथे येतं ती एकूण लांबी. शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत मोजलं तर ते दुसरं माप, आणि सुरमईसारख्या खोल खाचेच्या शेपटीत या दोन मापांत चांगला फरक पडतो. मसुद्यात कोणतं माप धरलंय ते लिहिलेलं नसेल तर हीच तुमची पहिली सूचना : 'लांबी कशी मोजायची ते आकृतीसह स्पष्ट करावे.'

नावांचं तसंच. रायगडाकडचा जिताडा मालवणात आणि गोव्यात चोणक होतो. सुरमई म्हणून बाजारात येणाऱ्या माशांत निदान दोन जाती आहेत : एकीच्या अंगावर उभे नागमोडी पट्टे, दुसरीच्या अंगावर ठिपक्यांच्या ओळी. पट्टेवाली खूप मोठी होते, ठिपकेवाली त्या मानाने लहान राहते. त्यामुळे दोघींना एकच किमान आकार लावणं बरोबर नाही. हरकतीत स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नावही लिहा.

आकार कशाला, हंगाम कशाला

किमान आकारामागचा विचार सरळ आहे : माशाने निदान एकदा तरी अंडी घालावीत, मग तो जाळ्यात किंवा गळाला यावा. केरळने २०१५ मध्ये असा नियम आणला, तिथे बांगड्याला १४ आणि तारलीला १० सेंटिमीटर ही मर्यादा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून ५४ प्रजातींचे आकार ठरवले. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, तेही त्याची आवक घटत चालल्याच्या काळजीतून.

पण नुसत्या आकाराने भागत नाही. मालवणच्या बाजूला एकदा पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं, ओढताना मी उभा होतो. जाळ्यात शेंगाळे होते. त्यातला एक वाळूवर आपटला आणि त्याच्या तोंडातून पिवळसर, गोटीएवढी अंडी घरंगळत बाहेर पडली. शेंगाळ्याचा नर फलित अंडी तोंडात धरून वाढवतो, तेवढे दिवस तो खातही नाही. पट्टी लावली असती तर तो मासा नियमात बसलाच असता, चांगला मोठा होता. त्याला वाचवू शकतो तो फक्त बंदीचा हंगाम.

जिताड्याचं आणखी वेगळं. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी आपण ज्याची वर्षभर वाट बघतो तो मोठा जिताडा बहुधा अंड्यांची मादी असते. अशा माशाला किमान आकाराबरोबर कमाल आकारही असावा, असं माझं ठाम मत आहे. गोब्र्याचं याच्या उलट : आधी मादी, मग नर. पावसाळ्यात समुद्र खवळला की आपण खाडीच्या मुखाशी बसतो आणि नेमका तिथेच त्या दिवसांत जिताडा अंडी घालायला येतो. 'गळाला बंदी नको' असं लिहिण्याआधी याचा विचार करा. मी स्वतः जून-जुलैत जिताड्याच्या मागे जाणं बंद केलं आहे, आणि हरकतीतही तसं लिहितो.

किनाऱ्यावरच्या लोकांशी बोला

आपण हौसेने जातो. तिथला गरीवाला, म्हणजे गळाने मासे धरणारा मच्छीमार, त्यावर घर चालवतो. मसुदा घेऊन त्याच्याकडे जा, होडीच्या सावलीत बसा आणि विचारा : "काका, हे माप तुम्हाला पटतं का? कोणत्या महिन्यात गाभोळी दिसते?" गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, भरलेली मासळी कधी येते हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचं ठाऊक असतं. तो जे सांगेल ते त्याच्या परवानगीने, 'स्थानिक पारंपरिक मच्छीमारांकडून मिळालेली माहिती' असं लिहून जोडा. त्याचं पोट मारणारी मागणी आपल्या कागदावर असू नये. आणि 'पर्ससीनवाले (माशांच्या थव्याला वेढणारं मोठं जाळं टाकणारे) एवढं नेतात, आमच्या एका माशाने काय होतं' हे वाक्य टाळा. पर्ससीनवर बोलायचं असेल तर मसुद्यात त्याचं कलम असेल तिथे, वेगळ्या मुद्द्यात बोला.

शंका असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन माहिती विचारता येते.

कागद कसा लिहावा

दोन पानांच्या आत. एक मुद्दा, एक परिच्छेद. प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी : कलम, हरकत, कारण, आणि त्या जागी कोणते शब्द हवेत. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. नमुना असा :

'मसुद्यातील कलम __, अनुसूची अ.क्र. __ (जिताडा/चोणक, लेट्स कॅल्करिफर) याबाबत. मी कोल्हापूरचा रहिवासी असून वाघोटण खाडीच्या मुखाशी किनाऱ्यावरून गळाने हौशी मासेमारी करतो. मासा वर येईपर्यंत गळ टाकणाऱ्यास त्याचा आकार कळत नाही. सबब, किमान आकारापेक्षा लहान मासा तत्काळ जिवंत पाण्यात सोडल्यास तो नियमभंग समजू नये, असे वाक्य या कलमात जोडावे. मोजमापांची नोंद सोबत जोडली आहे.'

ही सूचना आपल्या सगळ्यांच्या कामाची आहे. मात्र ती मागायची तर मासा जिवंत सुटेल अशी तयारीही हवी : गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबलेला, हात ओले, मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ.

जोडपत्र म्हणून वहीतला तक्ता द्या : तारीख, ठिकाण, उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती), माशाचं नाव, लांबी, ठेवला की सोडला. रिकाम्या हाताने परतलेले दिवसही लिहा, त्याशिवाय नोंद खरी वाटत नाही. मालवणचा भाग असेल तर जपून. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि त्याचे नियम वन्यजीव कायद्याचे आहेत.

पन्नास जणांनी एकाच मजकुरावर सह्या करण्यापेक्षा आठ जणांनी आपापली नोंद जोडून आठ पत्रं दिलेली बरी.

द्यायचा कुठे, आणि पुढे काय

मसुद्यात जो पत्ता किंवा ईमेल छापला आहे तिथेच. कोल्हापुरातही मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय आहे, पण त्याचा कारभार धरणं-तलावांचा. समुद्राचा कागद तिथे देऊन निश्चिंत होऊ नका. मूळ प्रत स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा, ईमेलही करा. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या सहायक आयुक्त कार्यालयात प्रत द्यायची असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, टपालाला चार दिवस धरा.

अंतिम अधिसूचना आली की ती मसुद्याशेजारी ठेवून कलमागणिक ताडून पहा. आपल्या मुद्द्याचं काय झालं ते कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या हरकतीवरील टिपणी व निर्णयाची प्रत मिळावी' एवढंच मागा. उत्तरासाठी त्यांना ३० दिवस असतात.