सोडणारा हात: वरातीच्या घोडीचा भरवसा कसा मिळवला

मैना आमच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती. नुकरी, म्हणजे पांढऱ्या केसांची आणि गुलाबी कातडीची घोडी, पाच लग्नसराया वरातीत चाललेली. नाशिकजवळ मखमलाबादहून गिरणाऱ्याकडे जाताना माझ्या भावाची द्राक्षबाग लागते. तिथल्या गोठ्याला लागूनच आम्ही तिच्यासाठी तबेला बांधला. पहिल्या दिवशी तिच्या कपाळावरची झुलपं मागे सारायला मी हात उचलला, तर ती थेट मागच्या भिंतीला जाऊन चिकटली. जिभेवर जुनी चीर होती, ओठांचे कोपरे निबर झाले होते. काटेरी लगामाच्या खुणा होत्या त्या. असा लगाम वापरायला जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, तरी तो अजून वापरात दिसतो आणि दर वेळी माझा जीव तुटतो.

तुमच्या दारात अशी घोडी आली असेल, किंवा क्लबातला ठरावीक घोडा तुम्हाला जवळ येऊ देत नसेल, तर पहिले पंधरा दिवस पाठीवर बसायचं नाव काढू नका. भद्रकालीत राहणारे एक चाचा आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांनी उभी हयात टांगा हाकलेला. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "ताई, आधी तिचं दुखणं बघा, स्वभाव नंतर."

म्हणून सुरुवात जनावरांच्या डॉक्टरांपासून. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात आणि त्यांच्या कडा धारदार होऊन गाल, जीभ कापतात. मैनेच्या दाढा कानशीने घासून घेतल्या, तेव्हा मान झटकण्याची निम्मी सवय गेली. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा. खोगीर ठेवल्यावर, मान जिथं पाठीला मिळते त्या उंचवट्याच्या वर दोन-तीन बोटं सहज सरकली पाहिजेत. फेरी मारून आल्यावर खोगीर काढा आणि घामाकडे बघा. सगळी पाठ ओली आणि मधेच एखादा कोरडा डाग राहिला असेल, तर बहुधा तिथं खोगीर रुततंय. बसणारा आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नको. मैना साडेतीनशे किलोची आहे, म्हणजे सत्तर किलो ही आमची हद्द. दुखणाऱ्या पाठीवर बसून कुणी भरवसा मागू नये.

त्यानंतर नुसतं सोबत बसणं. मी रोज सकाळी सहाला तबेल्याच्या दाराशी स्टूल टाकून वह्या तपासायचे. (मी शाळेत शिकवते, वह्यांना तोटा नाही.) तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. घोड्याला जवळपास चहूकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. त्यामुळे जवळ जायचं ते तिरकं, खांद्याच्या बाजूने, तोंडाने काहीतरी बोलत. नवव्या दिवशी मैनेने स्वतः येऊन माझ्या पाठीवर ऊन श्वास सोडला. मी तेव्हाही हात लावला नाही. वही संपवली आणि उठून गेले. जवळ आल्यावर आपल्याला धरत नाहीत, हे तिला कळायला हवं होतं.

हात लावायची सुरुवात खरारा करण्यापासून करा, आणि तीही मान पाठीला मिळते त्याच उंचवट्यापाशी. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात. तिथं खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलंय. जागा बरोबर सापडली की वरचा ओठ लांब होऊन थरथरतो, मान खाली येते, डोळा अर्धा मिटतो. कान मागे दाबले, शेपटी झटकली, नाकपुड्यांभोवती सुरकुत्या आल्या, तर तो नकार आहे. थांबा आणि एक पाऊल मागे घ्या. नकार ऐकला जातो हे कळल्यावर मैना नकार कमी द्यायला लागली. चेहरा वाचणं दोन्हीकडून चालतं, बरं का. शाळेतला राग घेऊन मी तबेल्यात शिरले की तिचा कान लगेच मागे जायचा. आता मी आधी पाण्याच्या पाटाच्या कडेने एक फेरी मारते, मग आत जाते.

आता मोरकी (तोंडावर चढवायची, तोंडात लोखंड नसलेली) आणि तिची दोरी. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझं सगळ्यात जास्त इथंच चुकत होतं. घोडा ओढल्याने शिकत नाही, ओढ थांबते त्या क्षणी शिकतो. दोरीला हलका ताण द्या, सुती दोऱ्याने पतंग सांभाळाल इतकाच. ती हलली नाही तर ताण वाढवू नका, सोडूही नका, तेवढाच धरून ठेवा. पाय उचलायच्या आधी तिचं वजन पुढच्या खुरांवर सरकतं, छाती बोटभर पुढे येते. बस, त्याच क्षणी दोरी पूर्ण सैल सोडा. पाऊल पडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. आणि ती मागे ओढत असताना सोडलंत, तर मागे ओढल्यावर सुटका होते हाच धडा तिला मिळाला. चाचा माझ्या शेजारी उभे राहून "हां, सोडा!" असं ओरडायचे. पहिले चार दिवस त्यांचा आवाज आधी आणि माझा हात नंतर. पाचव्या दिवशी कधीतरी माझे डोळे दोरीवरून तिच्या छातीवर गेले आणि मग हाताला सांगावं लागलं नाही. हेच पुढे लगामाला लागू, टाचेला लागू, खूर उचलून घेण्याला लागू. थोडं मागायचं, मिळता मिळता सोडायचं. दोन्ही बाजूंनी करा. उजवीकडून मी जवळजवळ नव्याने शिकवलं, कारण वरातीत तिला कायम डावीकडूनच धरलेलं. दोरी हाताला गुंडाळू मात्र कधीच नका. ती बिचकून पळाली तर बोटं जातील.

गूळ, गाजर द्यायचं तर बादलीत द्या. खिशातून दिलंत की घोडी खिसे उचकटायला आणि चावायला शिकते.

आमच्या भागात घोड्याला घाबरवणाऱ्या दोन गोष्टी हमखास भेटतात. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फिरणारा, पंख्याने औषध फवारणारा ट्रॅक्टरचा ब्लोअर, आणि मणी गोड व्हायला लागले की पाखरांसाठी बांधलेल्या चमकपट्ट्या. ब्लोअरची भीती आम्ही अशी घालवली. भावाला ट्रॅक्टर लांबून, आमच्यापासून दूर जाणारा चालवायला सांगितला आणि मैनेला त्याच्या मागे चालवत नेलं. अर्थात टाकीत औषध न भरता, नुसता पंखा सुरू ठेवून. घोड्याकडे चालून येणारी वस्तू त्याला शिकारी वाटते. पळून जाणाऱ्या वस्तूमागे जाताना त्याची हिंमत वाढते. मान ताठ झाली, कान खिळले की थांबायचं. ती स्वतः मागे वळायच्या आधी आपणच तिला मागे आणायचं. मी जबड्याखालच्या नाडीवर बोटं ठेवून ठोके मोजायचे. निवांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात. साठ लागले की त्या दिवसाचा पाठ संपला. असे सतरा दिवस लागले. चमकपट्ट्यांना तीनच.

मधे मी एक मोठी चूक केली. दुसऱ्याच महिन्यात, तुळशीचं लग्न झाल्यावर, गावातून वरात निघाली होती आणि मला वाटलं, ही तर वरातीचीच, हिला काय नवीन. मी तिला ताशाच्या जवळ नेलं. ती मागच्या पायांवर उभी राहिली. घाबरून मी लगाम खेचला आणि चाबूक मारला. पडले मीच, हेल्मेटमुळे डोकं वाचलं. दुसऱ्या दिवशी मैना पुन्हा मागच्या भिंतीला चिकटलेली. तीन आठवडे मी परत स्टुलावर बसले. तिला वरातीची सवय होती, पण सवय म्हणजे निर्धास्तपणा असं मी धरून चालले होते, आणि त्याची किंमत तिने भरली. त्या दिवसापासून माझ्याकडे चाबूक नाही.

पाठीवर पहिल्यांदा बसताना ओट्यावरून बसा. जमिनीवरून चढलं की खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि पाठ पिळवटते. पहिल्या दिवशी नुसतं पोटावर आडवं पडून उतरा. दुसऱ्या दिवशी बसा, मानेवर खाजवा, उतरा. चालायला लागल्यावर लगाम एवढाच धरा की तिचं तोंड तुमच्या बोटांना जाणवेल. नजर तिच्या कानांमधून पुढच्या झाडावर ठेवा आणि श्वास लांब सोडा. आम्ही काट्याचा लगाम टाकून देऊन जाड, गुळगुळीत, मधे सांधा असलेला लगाम घेतला, आणि पाटाच्या वाटेवर तर बऱ्याचदा नुसत्या मोरकीवर जातो. हेल्मेट आणि टाचेचे बूट यात सूट नाही. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परत या. नुकऱ्या घोड्याच्या नाकाची गुलाबी कातडी नाशिकच्या उन्हातही भाजते.

एकटं ठेवू नका. घोडा कळपातला जीव आहे, एकटा असला की रात्रभर पहारा देतो. मैनेसोबत आम्ही एक म्हातारी शेळी बांधली. शेळी झोपली की हीसुद्धा आडवी होते, आणि घोडा आडवा झोपतो तो निर्धास्त असल्यावरच.

फटाक्यांची भीती अजून गेलेली नाही, आणि ती घालवायचा हट्ट मी सोडलाय. दिवाळीत संध्याकाळी साडेसहाला तिला आत घेते, खिडकीला गोणपाट लावते, दिवा चालू ठेवते म्हणजे बाहेरचा लखलखाट डोळ्यांत खुपत नाही, रेडिओ लावते आणि रोजच्यापेक्षा दोन पेंढ्या जास्त टाकते, कारण चघळत राहिली की ती शांत राहते. मग स्टूल घेऊन दाराशी बसते. गेल्या लक्ष्मीपूजनाला साडेनऊपर्यंत ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी होती. खांदा बधिर झाला, पण मी हलले नाही.