होस्टिंग बदलण्याआधी: वेबसाइट नेमकी कोणाच्या नावावर आहे?

होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवर जागा देणारी सेवा) बदलायचं ठरलं की बहुतेक जण नव्या कंपनीचे प्लॅन चाळायला बसतात. जागा किती, वेग किती, पहिल्या वर्षी सवलत किती. ते दोन दिवसांनी बघितलं तरी चालतं. आधी एक कागद घ्या आणि त्यावर चार शब्द लिहा: डोमेन (साइटचं नाव), डीएनएस (त्या नावापुढे साइट आणि ईमेलचे पत्ते सांगणारी नोंदवही), ईमेल, साइट. प्रत्येकापुढे ते कोणत्या कंपनीकडे आहे आणि तिथलं लॉगिन कोणाच्या हातात आहे, हे टिपून ठेवा. चारही ठिकाणी एकच उत्तर आलं तर जपून, कारण जुनं खातं बंद करताना चारही गोष्टी एकदम हातच्या जाऊ शकतात. आणि एखाद्यापुढे ‘वेबसाइटवाल्याला विचारावं लागेल’ असं लिहावं लागलं, तर तयारी तिथूनच सुरू करायची.

पहिलं डोमेन. साइट हरवली तर पुन्हा उभी करता येते, नाव एकदा दुसऱ्याकडे गेलं की परत मिळेलच असं नाही. व्हूइज या डोमेन-नोंदींच्या सार्वजनिक यादीवर किंवा आता त्याच्या जागी आलेल्या आरडॅपवर शोधलं की रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) कोण, मुदत कधी संपते, नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) कोणते, ट्रान्सफर लॉक (दुसऱ्या रजिस्ट्रारकडे डोमेन जाऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) आहे का, एवढं कळतं. मालकाचं नाव मात्र २०१८ मध्ये युरोपचे खासगीपणाचे नियम लागू झाल्यापासून तिथे बहुधा झाकलेलं असतं. त्यामुळे रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच नोंदणीदाराचा रकाना बघायचा. दरवर्षीचे पैसे तुम्ही भरले असतील, पावत्याही तुमच्याकडे असतील, तरी त्या रकान्यात साइट बनवणाऱ्याचं नाव असेल तर रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच. यामागे दर वेळी लबाडी असते असं नाही. घाईत एकाच खात्यातून सगळ्या ग्राहकांची डोमेनं घेतलेली असतात, एवढंच. संस्थेचा रकाना भरलेला असेल तर नोंदणीदार ती संस्था धरली जाते, म्हणून तिथे व्यवसायाचं कागदोपत्री नाव हवं, बोलीतलं नको.

नाव दुरुस्त करायचं तर होस्टिंग बदलण्याच्या दोन-तीन महिने आधी करा. डॉट कॉमसारख्या डोमेनना आयकॅनचे, म्हणजे डोमेन नावांची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचे, नियम लागतात आणि त्यांनुसार नोंदणीदाराचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की सहसा ६० दिवस ते डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. नव्या ईमेलवर पडताळणीची लिंक येते. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन निलंबित होऊ शकतं, म्हणजे साइट आणि ईमेल दोन्ही बंद. ही मेल हमखास स्पॅममध्ये जाऊन पडते. देशांच्या नावाच्या डोमेनचे नियम त्या त्या नोंदणी संस्थेचे असतात, ते वेगळे वाचावे लागतात.

नवी होस्टिंग कंपनी ‘डोमेनही आमच्याकडेच आणा, सोपं पडेल’ असं म्हणेल. सोपं त्यांना पडतं. होस्टिंग बदलायला डोमेन हलवावं लागत नाही. माझ्या मते ते हलवूच नये. आहे त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं स्वतःचं खातं उघडा आणि डेव्हलपरला त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात डोमेन टाकायला सांगा. बहुतेक रजिस्ट्रारकडे ही सोय असते आणि त्यासाठी ट्रान्सफर कोडची भानगड लागत नाही. मुदत संपायला महिनाभरच उरला असेल तर आधी नूतनीकरण करा, मग बाकीचं. त्या खात्याला द्यायचा ईमेल याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, आणि पासवर्ड बदलायची लिंक नेमकी त्याच ईमेलवर जाणार. व्यवसायासाठी एखादा स्वतंत्र ईमेल काढा, त्यावर दोन टप्प्यांची सुरक्षा लावा आणि तिचे राखीव कोड छापून ठेवा.

नंतर डीएनएस. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. आत्ता जेवढ्या नोंदी आहेत तेवढ्या सगळ्यांची प्रत काढा. स्क्रीनशॉट काढा, आणि एक्स्पोर्टची सोय असेल तर फाइलही घ्या. साइटचा पत्ता सांगणारी ए नोंद सगळ्यांच्या लक्षात राहते. विसरतात त्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदी: ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, साइट तुमचीच असल्याचा गूगल सर्च कन्सोलसाठीचा पुरावा, कधीकाळी जोडलेल्या एखाद्या सेवेची ओळख. नेमसर्व्हर बदलले की नव्या ठिकाणी फक्त तुम्ही नेलेल्या नोंदी असतात, जुन्या आपोआप मागे येत नाहीत. म्हणून शक्य असेल तिथे नेमसर्व्हरला हात लावू नका, फक्त ए नोंद बदला. डीएनएस जुन्या होस्टिंगच्याच गळ्यात असेल तर ती सोय नाही, तेव्हा ते आधी रजिस्ट्रारकडे किंवा स्वतंत्र सेवेकडे नेऊन आठवडाभर चालू द्या, साइट नंतर हलवा.

डीएनएसएसईसी (डीएनएसची उत्तरं खरी आहेत का हे स्वाक्षरीवरून तपासायची सोय) चालू आहे का, हे जरूर बघा. एकदा माझ्या हातून हे राहिलं. नेमसर्व्हर बदलले, पण रजिस्ट्रारकडची जुनी डीएस नोंद (ती स्वाक्षरी ताडून बघायची खूण) तशीच राहिली. माझ्या जोडणीवर साइट छान दिसत होती, कारण तिथे स्वाक्षरी तपासलीच जात नव्हती. जिथे तपासली जात होती तिथे साइट उघडतच नव्हती, आणि तक्रार करणाऱ्याला मी अर्धा दिवस ‘तुमचंच इंटरनेट बघा’ म्हणत होतो. डीएस नोंद आधी काढायची, एक-दोन दिवस थांबायचं, मगच नेमसर्व्हर बदलायचे.

त्याच दिवसांत टीटीएलही, म्हणजे एखादी नोंद इतर सर्व्हरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, खाली आणा. ए नोंदीचा टीटीएल ८६४०० सेकंद असेल तर जुना पत्ता जगभरच्या सर्व्हरांच्या लक्षात दिवसभर राहतो. ३०० केला की पाच मिनिटं. पण तो कमी केल्यावर जुनी मुदत उलटायला हवी, म्हणून बदलाच्या किमान एक दिवस आधी. नेमसर्व्हर बदलणार असाल तर हा उपाय चालत नाही. डॉट कॉमच्या नोंदणीकडे त्या माहितीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद असतो, आणि ‘४८ तास लागतील’ हे वाक्य तिथूनच येतं.

ईमेल कुठे आहे? होस्टिंगसोबत फुकट मिळालेल्या मेलबॉक्समध्ये असेल तर वर्षानुवर्षांची पत्रं जुन्या सर्व्हरवरच आहेत. नवे मेलबॉक्स आधी त्याच नावांनी उघडा आणि आयमॅपने (सर्व्हरवरची पत्रं वाचायची आणि उतरवायची पद्धत) पत्रं उतरवून घ्या. बदलानंतर दोन-तीन दिवस दोन्हीकडचे इनबॉक्स बघत राहा, नवी पत्रं तेवढे दिवस दोन्ही दारांत पडू शकतात. ईमेल वेगळ्या कंपनीकडे असेल तर निर्धास्त राहू नका. नव्या होस्टिंगला अनेकदा वाटतं की या डोमेनची पत्रं आपल्याकडेच ठेवायची. मग संपर्काच्या फॉर्मवरून आलेली चौकशी त्याच सर्व्हरवरच्या रिकाम्या खोक्यात जाऊन पडते आणि तुम्ही ग्राहकांची वाट बघत बसता. नियंत्रण पॅनेलमध्ये मेलचा मार्ग ‘रिमोट’ करून ठेवा. एसपीएफमध्ये, म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत, नव्या सर्व्हरचा पत्ता घाला, पण त्याच ओळीत. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी असल्या की तपासणी फसते.

साइटची प्रत काढणं त्या मानाने सोपं. वर्डप्रेस असेल तर फाइल्समध्ये थीम आणि फोटो असतात, पण मजकूर, ऑर्डरी आणि वापरकर्ते डेटाबेसमध्ये. दोन्ही हवेत. प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवा आणि ती उघडून, चालवून बघा. न तपासलेली प्रत धरायची नाही. वेबसाइट बिल्डरवर बनवलेली साइट बहुधा उचलून नेता येत नाही. मजकूर आणि फोटो निघतात, रचना तिथेच राहते. तसं असेल तर हे स्थलांतर नाही, नवं बांधकाम आहे, आणि वेळ तसाच धरायला हवा.

फाइल हातात आली म्हणजे हक्क आला, असंही नाही. बऱ्याच देशांत बाहेरच्या माणसाने केलेल्या कामाचा कॉपीराइट लेखी करार नसेल तर करणाऱ्याकडेच राहतो. म्हणून साइटची रचना, कोड, मजकूर आणि फोटो यांचे हक्क व्यवसायाकडे दिल्याचं एक पान सहीनिशी घ्या, आणि ते संबंध गोड आहेत तोवर घ्या. डेव्हलपरचं बिल थकलं असेल तर आधी ते चुकतं करा, नाहीतर पासवर्ड मागायला तोंड राहत नाही. विकतची थीम आणि प्लगइन कोणाच्या परवान्यावर चालतात तेही विचारा. त्याच्या परवान्यावर असतील तर साइट चालेल, पण पुढचे अपडेट थांबतील. पेमेंट गेटवे, नकाशासेवेची की (सांकेतिक किल्ली), ॲनालिटिक्स, गूगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइल: या सगळ्यांवर मालक म्हणून व्यवसायाचं खातं हवं. ‘मॅनेजर’ म्हणून दिलेला प्रवेश काढून घेता येतो.

बदलाच्या आदल्या दिवशी आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसच्या आधी संगणक हीच यादी बघतो) डोमेनपुढे नव्या सर्व्हरचा पत्ता लिहा. जगाला जुनी साइट दिसते, तुम्हाला नवी. फॉर्म भरा, लॉगिन करा, एखादी ऑर्डर टाकून बघा, आणि काम झालं की ती ओळ आठवणीने पुसा. ती राहिल्यामुळे पुढे हैराण झालेले लोक मी पाहिलेत. दुकान चालवणारी साइट असेल तर शेवटची प्रत काढताना ऑर्डर घेणं थोडा वेळ थांबवा, नाहीतर काही ऑर्डरी जुन्या डेटाबेसमध्ये राहतात आणि काही नव्यात. एसएसएल (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने नाव नव्या सर्व्हरकडे वळल्यावरच निघतं. मधली काही मिनिटं ब्राउझरचा इशारा दिसू नये असं वाटत असेल तर डीएनएसमार्फत पडताळणी करून ते आधीच काढून ठेवा.

जुनं होस्टिंग महिनाभर तरी सोडू नका. दरम्यान तिथला ॲक्सेस लॉग (साइटवर कोण येऊन गेलं त्याची नोंदवही) बघत राहा, अजून कोणी येत असेल तर एखादी नोंद जुन्याच पत्त्यावर असू शकते. ते शांत झालं की एसपीएफमधला जुना पत्ता काढा, साइटमधली अनोळखी ॲडमिन खाती काढा, सगळे पासवर्ड बदला. डोमेन त्याच कंपनीकडे घेतलेलं असेल तर फक्त होस्टिंगची सेवा रद्द करा, खातं नको, आणि डोमेनचं स्वयंचलित नूतनीकरण चालू राहिलंय का ते तिथल्या तिथे तपासा. रद्द झाल्याचा आणि ग्राहकांच्या माहितीसह सगळ्या प्रती पुसल्याचा ईमेल मागून घ्या. तो आला की सुरुवातीचा कागद पुन्हा काढा आणि चारही शब्दांपुढची उत्तरं नव्याने लिहा.