उथळ खाडीसाठी फ्लाय बांधताय? या चुका टाळा

फ्लाय म्हणजे हुकावर केस, पिसं बांधून केलेलं, कोळंबी किंवा लहान मासा वाटेल असं नकली आमिष. बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्याच्या खाडीवर जायचं म्हणजे 100 किलोमीटरच्या पुढचा रस्ता. ओहोटी गाठायची असेल तर भल्या पहाटे निघावं लागतं. एवढं करून गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर कळतं की फ्लाय भलत्याच बाजूने पोहतेय, नाहीतर एका अंगावर कलंडतेय. तिथे ना वाइस (हूक पकडून ठेवायचा शिकंजा), ना दोरा. समुद्रकाठचा माणूस घरी जाऊन दुसरी बांधून आणेल, आपल्याला ती सोय नाही. म्हणून आपल्याकडच्या बांधणाऱ्याने कोणत्याही नमुन्याची पहिली फ्लाय घरच्या बादलीत ओढून बघावी, ती पास झाली तरच पुढच्या बांधाव्यात. टेबलावर देखणी दिसणं आणि पाण्यात चालणं यांचा फारसा संबंध नसतो.

सगळ्यात जास्त घोळ डोळ्यांचा

उथळ पाण्याच्या बहुतेक फ्लाय दोन घराण्यांतल्या. एक क्लाउझर मिनो. बॉब क्लाउझर यांनी 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या सस्क्वेहाना नदीवर, म्हणजे गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी ती बांधली आणि पुढे ती जगभर खाऱ्या पाण्यात चालली. दुसरी क्रेझी चार्ली, 1970 च्या दशकात बहामाजमध्ये बोनफिशसाठी जन्मलेली. दोन्हींचं मर्म एकच: हुकाच्या दांड्याच्या वरच्या बाजूला बांधलेले जड डोळे, म्हणजे धातूचे दोन जोडमणी. वर वजन आल्यामुळे हूक पाण्यात उलटा होतो, टोक आकाशाकडे जातं आणि फ्लाय तळाशी घासत गेली तरी कालवांत, शेवाळात, कांदळवनाच्या मुळांत अडकत नाही.

इथेच पहिली चूक होते. डोळे बरोबर वर बांधले जातात, पण पंखाचे केसही सवयीने वरच, डोळ्यांच्याच बाजूला बसवले जातात. मग फ्लाय उलटली की केस पोटाखाली लोंबतात आणि टोक उघडं पडतं. चार्लीचा पंख टोकाच्या बाजूला हवा. त्यासाठी डोळे आणि अंग झाल्यावर हूक वाइसमध्ये उलटा धरायचा, मग केस बसवायचे.

दुसरी चूक, डोळे फिरणे. चार कास्टनंतर (फेकींनंतर) डोळे दांड्यावर तिरके होतात आणि फ्लाय भोवऱ्यासारखी गरगरते. दोरा कमी पडला असं वाटून लोक वेढे वाढवत बसतात. दोष वेढ्यांच्या संख्येत नसतो, क्रमात असतो. गुळगुळीत स्टीलवर थेट डोळे ठेवू नका. आधी दोऱ्याचा थर, त्यावर डोळे बसतील तिथे छोटा उंचवटा. डोळे आडवे ठेवून एका तिरक्या दिशेने आठ-दहा घट्ट वेढे, मग उलट तिरक्या दिशेने तितकेच. आता बहुतेक जण जे विसरतात ते: दांडा आणि डोळे यांच्या मधून, दांड्याला न गुंडाळता, नुसते डोळ्यांच्या बुडाशी आडवे पाच-सहा वेढे. हे वेढे आधीच्या सगळ्या फुल्यांना आवळून धरतात. हे करताना दोरा कचकन ताणला जातो, तो हाताला जाणवतो. मग फेविक्विकचा एक थेंब. वाळल्यावर दोन बोटांत डोळे धरून पिरगाळा. हलले तर ब्लेडने कापून पुन्हा बांधा, वर आणखी गोंद ओतून भागणार नाही.

तिसरी, जागा. डोळे हुकाच्या नेढ्याला चिकटून बांधले की डोकं बांधायला जागाच उरत नाही. शेवटी केस, दोरा, गोंद सगळं नेढ्यावर चढतं आणि खाडीवर लाइन ओवताना सुईने नेढं कोरत बसावं लागतं. क्लाउझरला दांड्याचा पुढचा एक तृतीयांश भाग सोडून डोळे ठेवा. चार्लीला निदान दोन नेढी मावतील एवढी जागा हवीच.

डोळ्यांसाठी बाहेरून काही मागवायलाच हवं असं नाही. वॉशबेसिनच्या बुचाला लावतात ती मण्यांची साखळी भांड्याच्या किंवा नळसामानाच्या दुकानात मिळते. दोन-दोन मणी कटरने तोडायचे, झाले डोळे. फक्त साखळी पितळी किंवा स्टीलची बघून घ्या. लोखंडावर मुलामा दिलेली असेल तर खाऱ्या पाण्यात तिचा रंग उडून गंज धरतो. लोहचुंबक लावून बघितलं की लोखंड बहुतेक वेळा लगेच कळतं.

वजन एकच ठेवणे

एकच नमुना एकाच वजनात डझनभर बांधून डबा भरायचा, ही हौशी माणसाची खास खोड. घोट्याभर पाण्यात पितळी डंबेलची (डंबेलच्या आकाराच्या जड डोळ्यांची) फ्लाय पडली की ‘टपक’ असा आवाज येतो आणि मासा पसार. कमरेएवढ्या पाण्यात, ओहोटीची ओढ असताना मण्यांची फ्लाय तळाला पोचेपर्यंत मासा पुढे निघून गेलेला असतो. तीन प्रकार ठेवा: बिनडोळ्यांची किंवा बारीक मण्यांची घोट्याभर पाण्यासाठी, मोठ्या मण्यांची गुडघाभर पाण्यासाठी, डंबेलची त्याहून खोल पाण्यासाठी. डब्यात ओळखू यावीत म्हणून डोक्याच्या दोऱ्याचा रंग वेगळा ठेवायचा. मी हलक्यांना पांढरा, मधल्यांना तपकिरी, जडांना लाल वापरतो. माशाला त्याचं काही देणंघेणं नाही, आपला वेळ वाचतो.

बादलीत हेही दिसतं. फ्लाय सोडा आणि तळाला किती वेळात जाते ते बघा. नाक खाली करून सरळ गेली पाहिजे. डोलत, तरंगत गेली तर केस जास्त झालेत.

केस: जास्त, लांब आणि भलतेच

जास्त केस ही चूक जवळजवळ सगळे करतात, कारण भरगच्च फ्लाय हातात घ्यायला बरी वाटते. जिवंत कोळंबी पाण्यात धरून बघा, तिच्या अंगातून पलीकडची वाळू दिसते. पंखाचे केस दाबल्यावर काड्यापेटीतल्या काडीपेक्षा जाड नकोत. चिमूट कापल्यावर बारीक कंगव्याने बुडातली लव काढा. ही लव हवा धरून ठेवते आणि फ्लाय बुडू देत नाही.

लांबीचंही तसंच. पंख दांड्याच्या दुपटीच्या आत ठेवा. लांब शेपटीला मासा नुसता चावा घेतो आणि सुटतो, शिवाय मऊ केस कास्टमध्ये हुकाच्या वाकाला गुंडाळले जातात. तसं झालं की ती फ्लाय फेकली काय नि न फेकली काय.

आता भलते केस. परदेशी कृतींत हरणाच्या शेपटीचे केस सांगतात आणि खानापूरच्या जंगलाकडे बघून कुणाला तरी कल्पना सुचते. चितळ, सांबर, मुंगूस यांचे केस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांचा विचारही करू नका. आपल्याकडे बकरी आहे की. धनगराकडून किंवा खाटकाकडून शेपटीचे, पाठीचे लांब केस मागून घ्या. पांढरे, तपकिरी, काळे, हवे ते मिळतात. मानेच्या पिसांसाठी गावठी कोंबडा. केस शाम्पूने धुऊन, कडक उन्हात वाळवून डांबरगोळीबरोबर बंद डब्यात ठेवायचे. आपल्या पावसाळ्यात न धुतलेल्या केसांना पंधरवड्यात बुरशी धरते आणि वास माणसाला घराबाहेर काढतो.

हूक, दोरा, गोंद

तळ्यावरचे तांबूस हूक खाडीला चालत नाहीत. एका रात्रीत गंजतात आणि डब्यातल्या शेजाऱ्यांनाही डाग लावतात. स्टेनलेस किंवा कथिलाचा मुलामा दिलेले घ्या, 4 आणि 6 नंबरवर बरंचसं काम भागतं. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबा. फ्लाय पूर्ण झाल्यावर दाबताना कधी टोकच मोडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

दोरा सुती नको, खाऱ्या पाण्यात कुजतो. बेळगावच्या वडगाव-खासबागेकडे विणकरांत ओळख असेल तर पॉलिएस्टर फिलामेंटची एखादी कांडी मिळवा, पीळ नसलेली. असा दोरा चपटा बसतो, डोकं लहान राहतं. सारखा तुटत असेल तर हाताला दोष देण्याआधी बॉबिनच्या, म्हणजे दोऱ्याची कांडी धरायच्या साधनाच्या, नळीचं तोंड तपासा. आत कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर तिथे कंगोरा आहे. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कुणीही टर्नर दोन मिनिटांत तो घासून देईल. जमल्यास वाइसचा जबडाही त्याच्याकडूनच करून घ्या, बाजारातल्या स्वस्त वाइसपेक्षा हूक घट्ट धरेल.

फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने आवळतं, त्यामुळे पावसाळ्यात ते पटकन पकडतं आणि भोवती पांढरी पूड उमटते. जास्त थेंब पडला तर केसांत चढून त्यांच्या काड्या करतं. सुईच्या टोकाने लावा, बाटलीने नको.

बहामाजचा रंग, मांडवीचं पाणी

फिकट गुलाबी, चमचमती चार्ली पांढऱ्या वाळूवरच्या काचेसारख्या पाण्यासाठी आहे. आपल्या खाड्या चिखलाच्या, पाणी गढूळ, आणि समोर बोनफिश नव्हे तर चोणक किंवा तामसो हे इथले खाडीतले मासे. तपकिरी, शेवाळी आणि थोडा नारिंगी हे रंग आधी बांधा. चमकीच्या दोन-तीन पट्ट्या पुरे. तळ ज्या रंगाचा, त्याच्या एखादी छटा इकडे-तिकडे. कारवारच्या सदाशिवगडाजवळ काळी नदीच्या मुखाशी वाळू उजळ लागली तर फिकट तपकिरी काढा.

परत आल्यावर वापरलेल्या फ्लाय कोऱ्यांच्या डब्यात घालू नका. गोड्या पाण्यात खंगाळून, पंख्याखाली रात्रभर सुकवून मगच जागेवर ठेवा.