कारवानी कुत्र्याला शिकवण्यापूर्वी : स्वभाव ओळखून शिक्षणाची दिशा ठरवणे

सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात उंच, सडपातळ, खोल छातीचा आणि आत ओढलेल्या पोटाचा जो कुत्रा दिसतो, त्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची विशेष जोपासना केली, म्हणून तो मुधोळ हाउंड या नावानेही ओळखला जातो, आणि 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढले. पिढ्यान्‌पिढ्या माळरानावर राहिलेला हा कुत्रा आता शहरातील सदनिकांमध्येही पाळला जातो आणि त्याच्याबद्दल एक ठराविक तक्रार ऐकू येते : घरात तो अत्यंत शहाणा असतो, पण पट्टा सुटला की हाक ऐकत नाही. यावरून त्याला हट्टी ठरवले जाते, आवाज चढतो, कधी हातही उठतो. माझ्या मते येथे चूक कुत्र्याची नसते. ज्या कामासाठी त्याला घडवले गेले ते काम आपण जाणून घेतलेले नसते, म्हणून शिकवण्याची सुरुवातच उलट्या टोकाकडून होते.

कारवानी हा नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. दूरवर हललेला ससा त्याने स्वतः पाहायचा, स्वतः निर्णय घ्यायचा आणि मालक बराच मागे असताना एकट्याने पाठलाग संपवायचा, हीच त्याच्याकडून अपेक्षा होती, आणि धावता धावता मालकाच्या तोंडाकडे पाहणारा कुत्रा या कामात निरुपयोगी ठरला असता. याउलट लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर राबत आणि पुढे इंग्लंडमध्ये बंदुकीने पाडलेले पक्षी तोंडात अलगद धरून आणून देत. माणसाकडे परत येणे हेच त्यांच्या कामाचे शेवटचे पाऊल होते. म्हणून लॅब्राडॉरला ‘ये’ शिकवणे सोपे जाते आणि कारवानीला अवघड. त्यात पहिल्याच्या हुशारीचा किंवा दुसऱ्याच्या मठ्ठपणाचा संबंध नाही.

कुत्र्याची शिकारीची प्रवृत्ती एकसंध नसून ती एक साखळी असते. आधी काहीतरी दिसते किंवा वास येतो, मग नजर खिळते, कुत्रा दबा धरतो, पाठलाग करतो, पकडतो, मारतो आणि शेवटी फाडून खातो. माणसाने निरनिराळ्या जाती घडवताना या साखळीतील काही कड्या बळकट केल्या आणि काही जवळजवळ तोडून टाकल्या. मेंढ्या हाकणाऱ्या बॉर्डर कॉलीमध्ये नजर रोखणे आणि दबा धरणे ठळक असते, पण पकड नको असते. लॅब्राडॉरमध्ये पकड आहे, मात्र ती मऊ आहे. आपल्या धनगरी कुत्र्याने तर ज्या मेंढरांत तो वाढला त्यांच्याबाबत ही साखळी सुरूच करायची नसते आणि बाहेरून येणाऱ्या लांडग्यावर मात्र भुंकून तुटून पडायचे असते. कारवानीत नजर आणि पाठलाग या दोन कड्या इतक्या जवळ असतात की मधला दबा अनेकदा जाणवतही नाही. आपल्या कुत्र्याची कोणती कडी बळकट आहे हे कळले की त्याला काय पटकन शिकवता येईल, कशासाठी महिने लागतील आणि बक्षीस म्हणून काय द्यावे, हे तिन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात.

तरीही जात म्हणजे कुत्र्याची कुंडली नव्हे. 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की वेगवेगळ्या कुत्र्यांच्या वागण्यातील फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीवरून सांगता येतो. म्हणजे जात ही एक शक्यता सुचवते, पण समोर बसलेला कुत्रा तसाच असेल याची हमी देत नाही. एकाच विताची दोन कारवानी पिल्ले पाहिली तरी एक अनोळखी माणसाच्या पायाशी जाऊन हुंगते आणि दुसरे खाटेखालून बाहेर येत नाही.

म्हणून शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी आठवडाभर केवळ पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. मोकळ्या जागेत सोडल्यावर पहिल्या मिनिटात तो काय करतो, नाक जमिनीला लावतो की मान उंच करून लांब पाहतो? घरात तुमच्या हातून आनंदाने खाणारा कुत्रा फाटकाबाहेर तोच घास नाकारतो का? नाकारत असेल तर तो भुकेला नाही असे समजू नये. बहुधा तो धास्तावलेला किंवा फार उत्तेजित झालेला असतो आणि अशा अवस्थेत काहीही शिकवणे व्यर्थ असते. शेजारच्या खोलीत चमचा पडला तर तो दचकेल, त्यात विशेष काही नाही. पुन्हा निवांत होण्यास त्याला किती वेळ लागतो हे मात्र जरूर टिपावे. चार-पाच सेकंदांत आवाजाकडे जाऊन हुंगणारा कुत्रा आणि पुढचे अर्धा तास कोपऱ्यात बसून राहणारा कुत्रा यांना एकाच गतीने शिकवता येत नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनाही आपल्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांत असे फरक आढळले होते आणि त्यांनी कुत्र्यांच्या स्वभावाचे चार प्रकार केले होते. आपल्याला वर्गीकरणाच्या इतक्या खोलात शिरण्याचे कारण नाही. भित्रा की धीट, खादाड की खेळकर आणि माणसाळलेला की अलिप्त, एवढे नीट कळले तरी पुरे.

याच आठवड्यात त्याच्या शरीराची भाषाही शिकून घ्यावी. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, समोर खाणे नसताना ओठांवरून फिरवलेली जीभ, मान वळवून नजर चुकवणे आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही अस्वस्थतेची लक्षणे आहेत. हलणारी शेपूट म्हणजे आनंद, हा समज तर सोडूनच द्यावा, कारण ताठ आणि उंच धरून हळू हलवलेल्या शेपटीचा अर्थ बऱ्याचदा ‘पुढे येऊ नकोस’ असा असतो. गुरगुरल्याबद्दल शिक्षा करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या शिक्षेने भीती जात नाही, फक्त सूचना देण्याची सवय जाते, आणि मग कुत्रा न गुरगुरता थेट चावतो.

पिल्लू अगदी लहान असेल तर या निरीक्षणापेक्षाही निकडीचे एक काम असते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे अनेक वर्षे केलेल्या संशोधनातून पुढे आले की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळात पिल्लू जे पाहते, ऐकते आणि हुंगते, ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचे वाटते. वस्तीवर वाढलेले कारवानी पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर शहरात आणले जाते तेव्हा हा काळ जवळजवळ संपलेला असतो आणि मग लिफ्ट, हेल्मेट घातलेला माणूस, उघडलेली छत्री या सगळ्यांचे त्याला भय वाटते. शक्य असल्यास पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्यावरच आणावे आणि लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन रोज दहा मिनिटे बाजार, रिक्षाथांबा, शाळेचे फाटक दुरून दाखवावे. ढोल-ताशाची ओळखही अशीच लांबून करून द्यावी आणि पिल्लू खाऊ खाणे थांबवते त्याच्या बरेच अलीकडे थांबावे.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे वळू. पहिल्यांदा साधने नीट निवडावीत. कारवानीचे डोके निमुळते असल्यामुळे साधा गळपट्टा त्याच्या मानेतून सहज निसटतो, आणि वेगात धावताना गळ्याला हिसका बसला तर इजा होऊ शकते. यासाठी छातीला बसणारा हार्नेस वापरावा आणि त्याला दहा मीटरची हलकी दोरी बांधावी. खाऊ म्हणून उकडलेल्या कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे, मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता, बरोबर ठेवावेत. भाकरीच्या तुकड्यासाठी कुठलाही कारवानी हललेल्या सशाकडे पाठ फिरवणार नाही. उन्हाळ्यात सरावाची वेळ पहाटेची असावी, कारण नऊ-दहा वाजताच डांबरी रस्ता पंजे भाजण्याइतका तापलेला असतो.

‘ये’ या शब्दाची सुरुवात घरातच, दोन पावलांच्या अंतरावरून करावी. शब्द एकदाच उच्चारावा आणि कुत्रा वळताच, म्हणजे पोहोचल्यावर नव्हे तर वळण्याच्या क्षणीच, ‘शाब्बास’ म्हणून खाऊ पुढे करावा. बक्षीस दोन-तीन सेकंद उशिरा मिळाले तर ते त्याच्या हिशेबी दुसऱ्याच कशाचे तरी ठरते. हा शब्द अंघोळीसाठी, औषध पाजण्यासाठी किंवा खोलीत कोंडण्यासाठी कधीही वापरू नये. तसा वापरून तो आधीच नासला असेल तर सरळ नवा शब्द घ्यावा. एका वेळी पाच-सहा वेळा पुरे. लॅब्राडॉर तीच गोष्ट वीस वेळा उत्साहाने करील, कारण अनेक लॅब्राडॉरमध्ये भूक वाढवणारा एक जनुकीय बदलही असतो. कारवानी सातव्या वेळी तुमच्याकडे पाहून निघून जाईल, आणि त्यात त्याचा काही अवमान करण्याचा हेतू नसतो. ‘बस’ या आज्ञेचाही आग्रह धरू नये. लांब पायांच्या या कुत्र्यांपैकी अनेकांना कुल्ल्यांवर बसणे अवघडल्यासारखे वाटते, म्हणून उभ्यानेच ‘थांब’ शिकवणे सोयीचे ठरते.

मैदानावर गेल्यावर खरी कसोटी वेळेची असते. पाठलाग सुरू झाल्यावर मारलेली हाक बहुधा कानापर्यंत पोहोचूनही मनापर्यंत पोहोचत नाही. मात्र त्याआधी एक-दोन सेकंद कुत्रा गोठल्यासारखा उभा राहतो, कान टवकारतो, तोंड मिटतो आणि मान पुढे काढतो. त्याच क्षणी ‘ये’ म्हणावे. तो वळला नाही तर पुन्हा हाक मारू नये. दोरी ताणून धरून आपण दोन पावले मागे सरावे आणि तो वळला की भरपूर बक्षीस द्यावे.

केवळ खाऊवर मात्र हे काम पूर्ण होत नाही, आणि येथेच प्रवृत्ती शिक्षकाच्या मदतीला येते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी 1959 मध्ये मांडलेले तत्त्व साधे आहे : ज्या गोष्टीची ओढ जास्त, ती कमी ओढीच्या गोष्टीचे बक्षीस होऊ शकते. नातवाला ‘आधी पोळी, मग श्रीखंड’ म्हणणाऱ्या आजींना हे कोणी शिकवावे लागले नव्हते. कारवानीचे श्रीखंड म्हणजे पाठलाग. शिकारीला सोडण्याचा प्रश्नच नाही, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सशाची शिकार हा गुन्हा आहे. त्याऐवजी पाच-सहा फुटांच्या बांबूला तितकीच दोरी आणि तिच्या टोकाला जुने फडके बांधावे. फडके निळे किंवा पिवळे घ्यावे; कुत्र्यांना लाल आणि हिरवा यांत फारसा भेद दिसत नसल्यामुळे लाल फडके गवतात उठून दिसत नाही. ‘थांब’ म्हटल्यावर तो स्थिर राहिला तरच फडके हलवावे, मोठ्या वर्तुळात जमिनीलगत पळवावे, शेवटी पकडू द्यावे आणि कलेजीच्या बदल्यात ‘सोड’ म्हणून परत घ्यावे. दोन-तीन मिनिटांचा हा खेळ दिवसातून एकदा पुरतो. वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत कुत्र्याला उड्या मारायला किंवा गर्रकन वळायला लावू नये, कारण तोवर हाडे आणि सांधे पुरते घट्ट झालेले नसतात. काही आठवड्यांनी ‘ये’ म्हटल्यावर धावत येणाऱ्या कुत्र्याला अधूनमधून खाऊऐवजी हा खेळ द्यावा. माणसाकडे परत येणे म्हणजे पाठलाग बुडणे नव्हे, हे त्याला समजू लागते.

या सगळ्यात धाकाला जागा नाही. कुत्र्यावर ‘कळपाचा म्होरक्या’ म्हणून हुकमत गाजवावी, ही कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या जुन्या निरीक्षणांतून आली. रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात, हे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी 1999 मध्ये स्पष्ट केले. कारवानी तर ओरडण्याने इतका मिटून जातो की पुढचे दोन दिवस तो हाकेला येतच नाही.

राखणीचा धनगरी किंवा गावठी कुत्रा असेल तर हाच हिशेब भुंकण्याला लावावा. त्याला पूर्ण गप्प बसवण्याचा प्रयत्न करू नये. दोन-तीनदा भुंकू द्यावे, दाराशी जाऊन ‘पाहिले’ म्हणावे आणि तो गप्प होऊन आपल्याकडे आला की खाऊ द्यावा.

दोरी काढण्याची घाई करू नये. चारही बाजूंनी कुंपण असलेल्या जागेत, वेगवेगळ्या दिवशी, मांजर किंवा टिटवी समोर असतानाही दहापैकी नऊ वेळा तो पहिल्या हाकेला वळत असेल तर त्या कुंपणाच्या आत दोरी जमिनीवर सोडून पाहावी आणि पुढे ती थोडी थोडी कापून आखूड करावी. उघड्या माळावर किंवा रस्त्याकडेला मात्र कितीही शिकलेल्या कारवानीची दोरी हातातच ठेवावी, कारण लांबवर ससा उठलेला त्याला आपल्या आधी दिसतो.