नॅनोचा फवारा मारताय? दस्तीवर भागणार नाही

श्रावण लागला की आमच्याकडं गावोगाव पाठीवरचे पंप निघतात. सोयाबीन फुलावर, कापूस पात्यावर, आणि दुकानात गेलं की दुकानदार युरियाच्या गोणीऐवजी अर्ध्या लिटरची नॅनोची, म्हणजे अतिबारीक कणांच्या खताची, बाटली पुढं करतो. नॅनो युरिया २०२१ पासून आहे, नॅनो डीएपी २०२३ ला आलं, आता तर नॅनो झिंक, नॅनो कॉपर, चांदीचं टॉनिक असलं काय काय मिळतं. ते घ्यावं का नाही हा तुमचा हिशोब, मी फक्त हाताळायचं कसं तेवढं सांगतो.

नॅनो युरियाचा कण २० ते ५० नॅनोमीटरचा, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे हजाराच्या वर कण शेजारी शेजारी बसतील. एवढा बारीक कण श्वासातून गेला तर फुफ्फुसाच्या पार तळाला जाऊन बसू शकतो. युरिया पाण्यात विरघळतो, तो त्यातल्या त्यात बरा. पण जस्त, तांबं, चांदी या धातूंच्या भुकटीचं तसं नाही, म्हणून खरा धोका बाटलीपेक्षा पुडीत जास्त.

माझंच सांगतो, मागच्या खरिपात झिंकची एक पुडी गोठ्याच्या दारात उभं राहून दातानं फाडली (हो, दातानं, हसू नका) आणि बादलीत ओतली तर उन्हाच्या तिरीपीत पांढरा धूर कितीतरी वेळ तरंगत राहिला, खाली बसायचं नावच नाही. रात्रभर खोकलो. तवापासून पुडी कात्रीनं कापतो, वाऱ्याकडं पाठ करून, पुडीचं तोंड पाण्यात बुडवून आतल्या आत रिकामी करतो. सांडलंच तर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

तोंडाला दस्ती बांधली म्हणजे झालं असं बरेच जण समजतात. दस्तीनं माती अडते, हे नाही. एन-९५ मास्क घ्या, नाकावर घट्ट बसला पाहिजे आणि फवाऱ्यानं ओला झाला की बदला. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा. वाऱ्याच्या उलट चालू नका, ड्रोन चालू असेल तर त्याच्या खाली आणि वारा जिकडं वाहतो त्या बाजूला कुणी थांबायचं नाही कारण त्याचे थेंब लई बारीक असतात. यवतमाळात २०१७ ला फवारणीत माणसं गेली ती कीटकनाशकानं, नॅनोनं नाही, पण आपण नॅनोच्या टाकीत तेच कीटकनाशक कालवून मारतो की! त्यामुळं खत आहे म्हणून उघड्या अंगानं मारू नका. अंगावरचे कपडे घरच्या कपड्यात टाकू नका, वाळले की त्याचीच धूळ उडते. गरगरलं, दम लागला तर अंग धुवा आणि १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या.

नॅनो युरियाचं प्रमाण लिटरभर पाण्याला २ ते ४ मिली, बाटली आधी हलवून घ्यायची. फवारा पानावर, सकाळी नाहीतर संध्याकाळी. तो ड्रीपमधून किंवा जमिनीत सोडायचा नसतो. पैसे गेले पाण्यात.

चांदीबद्दल मात्र जरा थांबा. चांदी जिवाणू मारते म्हणूनच ती विकतात, पण सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत नत्र धरणारं रायझोबियम पण जिवाणूच आहे, आणि चांगला-वाईट असा भेद चांदीला कळत नाही. बियाण्याला जिवाणू संवर्धक लावून वर असलं टॉनिक मातीत ओतायचं म्हणजे एका हातानं पेरायचं अन् दुसऱ्यानं उपटायचं. लेबलवर घटक, प्रमाण, लॉट नंबर नसेल तर घेऊ नका, पक्कं बिल मागा. बुरशी मारतं म्हणत असतील आणि डब्यावर विषाचा रंगीत त्रिकोण नसेल तर सरळ परत करा.

राहिलेलं द्रावण विहिरीच्या कडंला, ओढ्यात, बैलाच्या हौदात नाही. जस्त-चांदीच्या पाण्यानं मासे, शेवाळ मरतं, अन् मराठवाड्यात ओढ्याला पाणीच किती असतं! लागेल तेवढंच कालवा, टाकी तीनदा विसळून ते पाणी त्याच पिकात फवारा. बाटलीला भोक पाडा, नाहीतर दोन दिवसात तीच तेलाची बाटली होऊन चुलीजवळ दिसते.